न कापलेलं कापड

"यारु हेळिद्रु निनगे? कुणी सांगितलं तुला, पांड्या? बोल."

म्हैसूरच्या संतेपेठेतल्या आमच्या शिलाईच्या दुकानात भर दुपारी सुलूअक्का ओरडत होती. ओरडताना ती कानडीत सुरू होते आणि मराठीत संपते, हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधीच्या पन्नास वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलंच नव्हतं. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक पडद्याआडून एकाच पायात पँट घालून बाहेर आलं आणि तसंच रस्त्यावर पळालं. समोरच्या भांडीवाल्याचे टोप फळीवर थरथरले. आवाज चामुंडीच्या डोंगरावर जाऊन आपटला आणि तिथल्या दगडी नंदीनं मान वळवून खाली पाहिलं, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. नंदीचं सोडून द्या. बाकीचं सगळं खरं आहे.

सुलूअक्का जाऊन आता सहा आठवडे झाले. फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नाच्या शेरवानीला गुंडी लावत होतो. सरस्वतीपुरमच्या तिच्या घरी काम करणाऱ्या जयम्माचा फोन. ती एवढंच म्हणाली, "अण्णा, अम्मा उठत नाहीत." मी सुई तशीच गुंडीत ठेवून निघालो. माझी बायको मंगळा मागून पाहत होती म्हणून बरं, नाहीतर तो नवरदेव बोहल्यावर सुईसकट उभा राहिला असता. अक्का खुर्चीत बसली होती, चष्मा डोळ्यांवर, मांडीवर तिची ती मोठी पाटीसारखी स्क्रीन. झोप लागल्यासारखी... मी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

दिल्लीच्या इंग्रजी पेपरांत तिच्यावर चार-चार ओळी आल्या. देशादेशांमधल्या कर्जमाफीच्या वाटाघाटींतला एक अनुभवी आवाज हरपला, अशा काहीतरी. वाचून मला हसू आलं. आवाज? ती तिथे आवाज काढतच नसे. तिची सगळी विद्या गप्प बसण्याची. लहानपणी आम्ही दोघं देवराज मार्केटात भाजीला जायचो. ती माझी चुलत बहीण, चार वर्षांनी मोठी. तिचे वडील आणि माझे वडील मिळून दुकान चालवायचे आणि घरं भिंतीला भिंत लागून. मी घासाघीस करायचो, शपथा घ्यायचो, आमच्या घरी सतरा माणसं उपाशी आहेत असं सांगायचो. अक्का फक्त भाव विचारायची आणि उभी राहायची. वांग्याकडे बघत. भाजीवाली आपणहून एक रुपया कमी करायची, मग दोन, मग चिडून वर कोथिंबीर द्यायची आणि म्हणायची, "जा बाई, तुझ्यापेक्षा हा ओरडणारा बरा." तिनं काजं करत करत परीक्षा दिल्या. एका बैठकीत शर्टाची सात काजं आणि इतिहासाचा एक धडा, असा तिचा हिशेब. मी आकडा वाढवून चौदा सांगतो, पण सात. दिल्लीला गेली, मोठ्या खात्यात चढत चढत वर पोचली, आणि शेवटी तिला नेमकं ते काम मिळालं ज्यात ती वांग्याकडे बघत उभी राहू शकेल.

ते काम काय, हे आमच्या पेठेत कुणाला धड सांगता येत नव्हतं, म्हणून मीच सगळ्यांना सांगायचो. माणसं कर्जात बुडतात तसे देशही बुडतात. बुडायला लागलेला देश सावकार देशाकडे येतो, दोन्हीकडची माणसं टेबलाला बसतात आणि ठरवतात : किती सोडायचं, किती पुढे ढकलायचं, उरलेलं किती वर्षांत फेडायचं. अक्का सावकाराच्या बाजूला बसायची, म्हणजे आपल्या. निघण्याआधी तिला वरून एक कागद मिळायचा. जास्तीत जास्त किती सोडता येईल, तो आकडा त्यावर. तो कागद तिच्याशिवाय फार तर आणखी एकानं पाहिलेला. समोरच्याला तो आकडा कळला की खेळ संपला. कारण मग तो आकडा छत राहत नाही, जमीन होतो, आणि समोरचा तिथून वर चढायला लागतो. शिवाय एकाला किती सोडलं हे बाकीचे सावकार देश आणि बाकीचे कर्जदार देश डोळ्यांत तेल घालून बघत असतात. हे सगळं मला आत्ता कळतं. तेव्हा कळत असतं तर ही गोष्ट घडलीच नसती आणि अक्का त्या दुपारी माझ्यावर ओरडली नसती.

काही वर्षांपूर्वी, तिच्या निवृत्तीला सात-आठ महिने उरले असताना, अशी एक बैठक म्हैसूरला ठरली. कर्जदार एक लहानसा बेटाचा देश. नाव लिहीत नाही, अक्काला आवडलं नसतं. त्यांनी आपल्याकडून कर्ज काढून मोठं बंदर बांधलं आणि जहाजं आलीच नाहीत. मग बंदराचं व्याज भरायला आणखी कर्ज, ते भरायला तेल उधार, असं करता करता दवाखान्यांत सुद्धा अर्धा दिवस अंधार, इथवर गोष्ट आलेली. दिल्लीत त्या दिवसांत धुरानं माणसाला माणूस दिसत नव्हता म्हणून म्हैसूर. डोंगराच्या वाटेवरचं एक मोठं हॉटेल, तीन दिवस. अक्का आपल्या गावी येणार म्हणून मंगळानं आदल्या दिवसापासून चिरोटे तळायला घेतले. अक्का विमानतळावरून हॉटेलात जाताना दोन मिनिटं दुकानाशी गाडी थांबवून खिडकीतूनच बोलली, "पांड्या, तीन दिवस मी तुमची कुणी नाही. फोन नको, डबा नको, भेटायला येणं नको." चिरोट्यांचा डबा मंगळा घेऊन उभीच राहिली. गाडी गेली.

आता माझा गुन्हा. पहिल्याच दिवशी सकाळी दुकानासमोर हॉटेलची गाडी थांबली आणि तिच्यातून त्या बेटाचे अर्थमंत्री उतरले. उंच, काळेसावळे, पातळ सुती सदरा, अंगावर कोट नाही. त्यांची बॅग विमानानं बंगळूरऐवजी भलतीकडेच नेली होती आणि तिसऱ्या दिवशी सह्या झाल्या तर फोटो निघणार होता. हॉटेलवाल्यानं आमचं नाव सांगितलं. मी माप घेतलं, कापड त्यांनी निवडलं, गडद निळं. माप घेताना त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथे विठोबा, शेजारी वडील आणि काका, आणि त्यांच्या शेजारी अक्काचा पेपरात आलेला फोटो चौकटीत. मंत्री वाकून बघायला लागले. "ह्या बाई आज माझ्यासमोर बसणार आहेत," ते इंग्रजीत म्हणाले. माझी छाती इतकी फुगली की गळ्यातली टेप तुटायची राहिली. म्हटलं, "माय सिस्टर, सर." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेपला बांधल्यासारखे उभे राहिले आणि अगदी सहज विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, सोडतील का काही आम्हाला?"

वाचकहो, अक्कानं मला त्या बैठकीबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. मला 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. पण ठाऊक नाही हे वाक्य माझ्या तोंडून जन्मात बाहेर पडलेलं नाही. मी काखेचं माप घेत घेत म्हणालो, "हाफ, सर. हाफ तर झालंच समजा."

टेपखाली मंत्र्यांचा श्वास थांबला, ते मला बोटांना कळलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत काय झालं ते अक्कानं मला दुकानात ओरडूनच सांगितलं. पहिला दिवस जुन्या हिशेबाचे कागद जुळवण्यात गेला होता, आकड्यावर कुणी आलंच नव्हतं. त्या सकाळी मंत्र्यांनी येऊन बसताच सांगितलं, निम्मं कर्ज तुम्ही सोडणार हे आम्हाला तुमच्या घरातूनच कळलंय, तेव्हा आता वरच्या निम्म्याबद्दल बोलू. अक्कानं विचारलं, कुठून कळलं. मंत्री म्हणाले, तुमच्या भावाकडून. अक्काच्या उजव्या हाताला दिल्लीहून आलेला एक अधिकारी बसला होता, सोनेरी काड्यांचा चष्मा. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि अक्काकडे न बघता म्हणाला, जेवणाची सुट्टी घेऊ. बाहेर व्हरांड्यात तो तिला म्हणाला, "मॅडम, तीन वाजता बसायचं की नाही ते मी दिल्लीला विचारतो. आणि तुम्ही बसायचं की नाही, तेही."

"तीन वाजता," अक्का मला म्हणाली. आता ओरडणं संपलं होतं, आणि ते जास्त वाईट होतं. "चौतीस वर्षांत माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. आता लिहितील की बाईनं गावी जाऊन भावाला आकडा सांगितला. बैठक मोडेल. ती माणसं रिकाम्या हातानं परत जातील, आणि तिथे दवाखान्यात दिवे नाहीत. तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, अक्का. शप्पथ. मी फेकलं."

"तू फेकलंस."

"विठोबाच्यान."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की तिचा विश्वास बसत नाहीये. का बसावा? मी आयुष्यभर विठोबाच्या शपथेवर काय काय सांगितलंय. दसऱ्याच्या हत्तीला मखमली झूल मी एका रात्रीत शिवली, बैलकुप्प्याच्या मठातले भिक्षू माझ्याच हातचे झगे घालतात, पिरियापट्टणच्या एका तंबाखूवाल्याच्या पोटाचं माप घ्यायला मला दोन टेपा जोडाव्या लागल्या. यातली टेपांची गोष्ट तेवढी खरी. जन्मात पहिल्यांदा मी सरळ खरं बोलत होतो आणि ते ऐकायला माणूस नव्हता. मंगळा मागच्या शिवणयंत्रावरून उठली आणि म्हणाली, "अक्का, याला तुम्ही ओळखता. याला खरंच कुणी काही सांगितलं असतं तर यानं ते पेठेत सगळ्यांना सांगितलं असतं. आम्ही कुणी ऐकलं नाही." बायकोनं नवऱ्याच्या बाजूनं दिलेली इतकी अपमानकारक साक्ष म्हैसूरच्या कोर्टात सुद्धा कधी झाली नसेल. पण अक्का खुर्चीवर बसली.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

तिनं विचारायला सुरुवात केली, तिच्या त्या शांत पद्धतीनं. माप कधी घेतलंस? कोण होतं? तो काय म्हणाला, नेमकं? तू काय म्हणालास, नेमकं? आज सकाळी तो परत आला होता का? मी म्हटलं, हो, बैठकीला जाताना गाडी थांबवली होती, कोट कितपत झाला विचारलं. "मग तू काय सांगितलंस?" मी म्हटलं, सांगितलं, अर्धा झालाय सर, उद्या मिळेल.

अक्का थांबली. "झालाय?"

मी गळ्यातली टेप काढून गुंडाळायला लागलो.

"कापड कुठंय?"

मी फळीवर बोट दाखवलं. निळं कापड होतं तसं, घडीत, गिरणीचं लेबल सुद्धा निघालेलं नव्हतं. खडूची एक रेघ नाही. अक्का उठून त्याच्याजवळ गेली, घडीवर हात ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली, वांग्याकडे बघत राहायची तशी. तिचे वडील, माझे काका, चाळीस वर्षं त्याच फळीखाली बसून येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, अर्ध आयितु, नाळे बन्नि. अर्धं झालं, उद्या या. माझे वडील तेच सांगायचे. मी तेच सांगतो. कापड आलंय की नाही, कात्री लागलीय की नाही, कशाचा संबंध नाही. शिंप्याला कुणी काहीही विचारलं की त्याच्या तोंडून अर्धंच निघतं. पाव म्हटलं तर गिऱ्हाईक कापड घेऊन जातं, पूर्ण म्हटलं तर बसून राहतं. अर्धं म्हटलं की उद्या येतं. गिऱ्हाईक कोटाचं विचारो की कर्जाचं... मला स्वतःला हे तोवर ठाऊक नव्हतं. अक्काला कळलं, कारण ती त्याच दुकानात काजं करत वाढली होती.

"चल," ती म्हणाली. "कापड घे."

हॉटेलकडे जाताना गाडीत ती एकदाच बोलली. "पांड्या, तिथे तुला खोटारडा म्हणून उभं राहायचंय. एकही गोष्ट रंगवून सांगायची नाही. सुम्मने, गप्प उभं राहायचं, विचारलं तेवढंच बोलायचं." मी मान हलवली. मांडीवर कापडाची घडी होती आणि माझे तळवे इतके घामेजले होते की मला वाटलं, गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडतील. माझी दानत बघा, त्या घटकेलाही मला डागाची काळजी.

तीनला पाच कमी असताना आम्ही त्या खोलीत शिरलो. एवढं लांब टेबल की एका टोकाला कानडी बोलली तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिची मराठी व्हावी. चष्मेवाला खिडकीशी फोन कानाला लावून उभा होता. अक्का बसली नाही. ती मंत्र्यांना म्हणाली, "हा माझा भाऊ. याच्याकडून तुम्हाला आकडा मिळाला. मी याला तुमच्यासमोर दोन प्रश्न विचारते, मग तुम्हाला वाटेल ते ठरवा." मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना कळावं म्हणून इंग्रजीत : "आज सकाळी तू साहेबांना त्यांच्या कोटाबद्दल काय सांगितलंस?"

"अर्धा झालाय."

"कोट दाखव."

मी घडी टेबलावर ठेवली. अक्कानं ती उलगडली, हळूहळू, एक एक पट, त्या सगळ्या माणसांसमोर. साडेतीन मीटर कापड टेबलावरून ओघळत गेलं, त्यांच्या कागदांवरून, पाण्याच्या बाटल्यांवरून, आणि शेवटी लेबल वर आलं. पंचवीस वर्षं मी बाजारात ज्या अब्रूवर जगलो ती त्या टेबलावर पसरलेली होती. दिलेल्या वेळेला कपडा देणारा एकमेव शिंपी, असं मी स्वतःबद्दल सांगतो. कुणीही आत येऊन ते कापड बघावं.

"दुसरा प्रश्न," अक्का म्हणाली. "गिऱ्हाईक विचारतं किती झालं, तेव्हा तू काय सांगतोस?"

"अर्धं."

"नेहमी?"

"नेहमी, अक्का. आमच्या वडिलांपासून."

मंत्र्यांनी कापडाला हात लावून पाहिला. ते हसले नाहीत, पण चेहरा सैल पडला, आणि त्या सैल पडण्यात मला काहीतरी विझताना दिसलं. ते आपल्या शेजारच्याला म्हणाले, "आमच्याकडचा शिंपीही हेच सांगतो." मग अक्काला म्हणाले, "मॅडम, कापडाबद्दल जो असं बोलतो, त्याच्या शब्दावर मी दोन तास बसून राहिलो. माफ करा." चष्मेवाल्यानं फोन बंद केला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. अक्का बसली. मला कुणी बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. मी कापड गोळा करून पाठमोरा न होता, राजवाड्यात चालतात तसा मागे मागे चालत बाहेर आलो. दारातला पहारेकरी पेठेतलाच निघाला. तो विचारतो, "काय अण्णा, माझी पँट?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला कोट हॉटेलात पोचला. माझ्या आयुष्यात वेळेवर दिलेला तो एकच कपडा. फोटोत मंत्री त्यात रुबाबदार दिसतात. सही झाली होती : तिसरा हिस्सा माफ, उरलेलं लांबच्या मुदतीवर. नंतर कळलं की त्या दुपारनंतर मंत्र्यांनी चाळीस टक्क्यांपासून सुरुवात केली, अक्का कापडाकडे बघावं तशी कागदाकडे बघत बसली, आणि ते खाली येत गेले. दिल्लीत अक्काची वाहवा झाली. निरोपाच्या समारंभात त्याच चष्मेवाल्यानं भाषण केलं म्हणे, की मॅडमनी एका शिंप्याच्या साह्यानं सरकारचे किती पैसे वाचवले. ती सरस्वतीपुरमला येऊन राहिली, आणि मी ही गोष्ट सांगायला सुरुवात केली. दर वेळी निराळी. एका आवृत्तीत मंत्री माझ्या गळ्यात पडून रडतात, एकीत मीच बैठकीचा अध्यक्ष असतो. अक्का ऐकायची, चहा प्यायची, अडवायची नाही.

पण त्या तिसऱ्या हिश्श्यानं बेटाचं भागलं नाही. वर्षभरात तिथे माणसं रस्त्यावर आली, तेलाच्या रांगांत मारामाऱ्या झाल्या, सरकार पडलं, आणि आमच्या निळ्या कोटातला मंत्री मागच्या दारानं घरी गेला. पेपरात मला हे आतल्या पानावर एक बोटभर दिसलं. अक्काला पूर्ण दिसत होतं. तिच्या त्या मांडीवरच्या पाटीवर समुद्राचा नकाशा असायचा आणि त्यावर जगातली सगळी जहाजं ठिपक्यांनी सरकायची. सकाळी उठून ती आधी तो उघडायची आणि बोटानं बेट मोठं करायची. बंदराजवळ ठिपका आहे का बघायची. "आज एक आलं," ती कधीमधी म्हणायची. बहुतेक दिवस काहीच म्हणायची नाही. मी विचारलं, निवृत्त झालीस ना आता? तर म्हणाली, "बंदर निवृत्त होत नाही." जयम्मा मला कानात सांगायची, अम्मा जेवत नाहीत धड, नुसत्या त्या समुद्राकडे बघतात.

ती जाण्याआधी साधारण पंधरा दिवस मी तिच्याकडे गेलो होतो, ब्लाउजं आत घ्यायला. ती फार बारीक झाली होती. दंडाचं माप घेतलं तर टेप दोनदा गुंडाळली गेली असती. हेही मी वाढवून सांगतोय असं वाटेल... वाटू द्या. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, स्क्रीनवर ठिपके सरकत होते. मी खांद्यापासून टेप धरली आणि पुष्कळ वर्षं पोटात असलेलं विचारून टाकलं. कारण एक गोष्ट मला नंतर नंतर टोचायला लागली होती. त्या दुपारी खोलीत तिनं मला खोटारडा ठरवलं, कापड दाखवलं, दोन प्रश्न विचारले. पण आकडा चुकीचा आहे असं ती एकदाही म्हणाली नव्हती. मी त्या प्रसंगाच्या दीडशे आवृत्त्या सांगितल्या, आणि एकाही आवृत्तीत तिच्या तोंडी ते वाक्य मला घालता आलं नव्हतं.

"अक्का, आता तरी सांग. दिल्लीच्या कागदावर किती होतं?"

तिनं बाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"निम्मं," ती म्हणाली.

"बरोबर निम्मं?"

"तिथपर्यंत जायची मुभा होती."

मी टेप सोडली. "म्हणजे मी खरं बोललो होतो."

"तुला ठाऊक नव्हतं, पांड्या. न कळता निघालं ते खरं बोलणं नव्हे."

"आणि तू मला तिथे नेऊन..." पहिल्यांदा माझ्याकडे वाढवायला काही नव्हतं. मी नुसता उभा राहिलो, हातात पिना. ती सही, तो फोटो, ते दिवे नसलेले दवाखाने. मग मी जरा मोठ्यानंच विचारलं, इतक्या मोठ्यानं की स्वयंपाकघरातून जयम्मा डोकावली, "पण तुझ्यावरचं बालंट तर टळलं होतं ना? त्यानंतर अख्खा एक दिवस तुझ्या हातात होता. मुभा होती. मग निम्मं सोडलं का नाहीस?"

अक्कानं दुसरा हात मापासाठी पुढे केला.

"त्यांनी मागितलं नाही," ती म्हणाली.